सात आणि दहा: अमेरिकेतल्या कानदुखीच्या निदानाचं एक प्रकरण

दीड-दोन वर्षांच्या मुलाचा कान तपासणं दिसतं तेवढं सोपं नाही. मूल आईच्या मांडीवर आडवं बसवायचं. आईने एका हाताने त्याचं डोकं छातीशी धरायचं, दुसऱ्या हाताने त्याचे दोन्ही हात, आणि पाय स्वतःच्या मांड्यांमध्ये. मग डॉक्टरने कानाची पाळी हलकेच मागे आणि खाली ओढून ऑटोस्कोपचं, म्हणजे कानात बघायच्या दिवा लावलेल्या उपकरणाचं, टोक आत सरकवायचं. बहुतेक वेळा आधी दिसतो तो मळ. तो काढावा तर मूल आणखी रडतं, न काढावा तर पडदा दिसत नाही. जमलंच तर दोन-तीन सेकंद पडदा दिसतो. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा आणि किंचित पारदर्शक असतो. आत पू साठला की तो पिवळट होऊन बाहेर फुगतो. मध्यभागी कानाच्या हाडाने तो धरून ठेवलेला असल्यामुळे खूप फुगला तर मेदूवड्यासारखा दिसतो, भोवती फुगवटा आणि मध्ये खळगा. तो लालही होतो, पण लालीवर विसंबून राहता येत नाही. रडून रडून कुठल्याही मुलाचा पडदा लाल होतो.

म्हणून ऑटोस्कोपला एक रबरी फुगा जोडतात. तो दाबला की हवेच्या हलक्या झोताने पडदा आतबाहेर हलतो. मागे पाणी किंवा पू असेल तर हलत नाही. ही साधी तपासणी वेळेअभावी सर्रास राहून जाते, आणि पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ मला याच दोन-तीन सेकंदांत दिसतं.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. आता महाराष्ट्रात तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे, पण माझं काही प्रशिक्षण अमेरिकेत झालं. कृष्णवर्णीय मुलांच्या कानाच्या संसर्गाचं निदान इतरांपेक्षा कमी वेळा झाल्याच्या ज्या नोंदींबद्दल मी लिहिते आहे, त्या नोंदींच्या काळाच्या सुमारासच मी तिथल्या एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रोज मुलांचे कान बघत होते. त्यामुळे हे आकडे मला परके वाटत नाहीत.

नोंद काय सांगते

नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘पेडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकाने कॅथरीन फ्लेमिंग-डुट्रा, अ‍ॅडम हर्श, जेफ्री गर्बर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. १४ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मधल्या कानाच्या संसर्गाचं निदान आणि त्यावरची औषधं, यांत वर्णानुसार फरक पडतो का, एवढाच त्याचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी २००८ ते २०१० मधल्या दोन राष्ट्रीय पाहण्यांची माहिती वापरली. अमेरिकेचं राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्र तेव्हा या पाहण्या करत असे. एक खाजगी दवाखान्यांची, दुसरी रुग्णालयांतल्या बाह्यरुग्ण आणि तातडीच्या विभागांची. निवडलेल्या डॉक्टरांना ठरावीक दिवस नेमून दिलेले असत आणि त्या दिवसांत आलेल्या रुग्णांपैकी काहींचा फॉर्म भरला जाई: वय, तक्रार, निदान, औषध, विमा, वर्ण. वर्णाची चौकट रुग्ण स्वतः भरत नसे, दवाखान्यातले लोक भरत, आणि ती रिकामी राहिली तर पुढे सांख्यिकी पद्धतीने भरून काढली जाई.

या अभ्यासात मुलांचे दोनच गट केले होते, कृष्णवर्णीय आणि इतर. म्हणजे त्या वर्षांत न्यू जर्सीत एखाद्या मराठी घरातल्या मुलाचा कान दुखला आणि त्याचा फॉर्म भरला गेला, तर ते मूल ‘इतर’मध्ये मोजलं गेलं. गोऱ्या, लॅटिनो (म्हणजे लॅटिन अमेरिकी मूळ असलेल्या), चिनी आणि आपल्या मुलांचं एकच गाठोडं. ज्या तफावतीबद्दल आपण वाचणार आहोत, तिच्या जास्तीच्या बाजूला आपली मुलंही उभी आहेत.

आता आकडे. मुलाला घेऊन डॉक्टरकडे झालेल्या दर शंभर भेटींपैकी कृष्णवर्णीय मुलांच्या सातांत मधल्या कानाच्या संसर्गाचं निदान झालं, इतर मुलांच्या दहांत. म्हणजे ३० टक्के कमी, आणि हा फरक योगायोगाने पडल्याची शक्यता फारच थोडी. मात्र भेटींऐवजी लोकसंख्या धरली, तर चित्र अस्पष्ट होतं. दर हजार मुलांमागे अशा निदानाच्या भेटी कृष्णवर्णीयांत २५३ आणि इतरांत ३२१. फरक दिसतो, पण तो योगायोगाचाही असू शकेल एवढी त्यात अनिश्चितता आहे. हा दुसरा आकडा बातम्यांत सहसा येत नाही. प्रामाणिकपणे वाचायचं तर दोन्ही शेजारी ठेवायला हवेत.

तिसरी गोष्ट औषधाची. निदान झालं आणि अँटिबायोटिक लिहिलं गेलं, त्या भेटींपुरतं बोलायचं तर कृष्णवर्णीय मुलांपैकी ४२ टक्क्यांना व्यापक मारा करणारं औषध मिळालं, इतरांपैकी ५२ टक्क्यांना. व्यापक म्हणजे साध्या अमॉक्सिसिलिनच्या पलीकडची औषधं: क्लॅव्ह्युलनेट घातलेलं अमॉक्सिसिलिन, सेफडिनिरसारखी सेफॅलोस्पोरिन गटातली, किंवा अझिथ्रोमायसिन. इतर घटक हिशेबात धरल्यावरही कृष्णवर्णीय मुलाला असं औषध मिळण्याचं पारडं इतरांच्या ०.५९ पट, म्हणजे चाळीसेक टक्क्यांनी हलकं राहिलं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, हे तर जुनंच गाऱ्हाणं: कृष्णवर्णीयांना कमी मिळतं. नंतर औषधांकडे लक्ष गेलं आणि मी थबकले. मार्गदर्शक तत्त्वं काय म्हणतात? अमेरिकन बालरोग अकादमीने २००४ मध्ये सांगितलं होतं आणि २०१३ मध्ये पुन्हा सांगितलं, की बहुतेक मुलांत पहिलं औषध अमॉक्सिसिलिनच, दर किलो वजनामागे दिवसाला ८० ते ९० मिलिग्रॅम. म्हणजे या बाबतीत कृष्णवर्णीय मुलांना मिळालेली औषधं नियमाच्या अधिक जवळची होती. मग अन्याय झाला तो कुणावर?

शरीराचं उत्तर आणि पिट्सबर्ग

सगळ्यात सोपं उत्तर असं, की कृष्णवर्णीय मुलांना हा आजारच कमी होतो. हे उत्तर वैद्यकात बराच काळ फिरत होतं. घशापासून मधल्या कानापर्यंत जाणारी युस्टेशियन नळी लहान मुलांत आखूड आणि आडवी असते, म्हणून सर्दीपाठोपाठ जंतू सहज वर चढतात. १९७० च्या दशकात वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजून या नळीच्या रचनेत फरक शोधले गेले आणि कानाच्या आजाराचं कमी-जास्त प्रमाण त्या कोनांशी जोडलं गेलं. कवटी मोजून माणसांची प्रतवारी लावण्याचा इतिहास ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वाचताना अस्वस्थ वाटल्याशिवाय राहणार नाही. पण अस्वस्थतेने सिद्ध काहीच होत नाही. प्रश्न तपासायचा तर सगळ्या मुलांचे कान सारख्याच पद्धतीने, सारख्याच वेळा, सारख्याच तयारीच्या डोळ्यांनी बघावे लागतील, मूल आजारी असो वा नसो.

हे काम अमेरिकेतल्याच पिट्सबर्ग शहरात झालं, आणि माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात वजनदार पुरावा हाच आहे.

१९९५ मध्ये कॅसलब्रँट, ब्लूस्टोन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या कृष्णवर्णीय आणि गोऱ्या बाळांचा पहिल्या दोन वर्षांचा अनुभव मांडला. बाळांचे कान नियमितपणे, दर महिन्याला पाहिले होते. दोन्ही गटांत आजार जवळपास सारखाच निघाला. मग १९९७ मध्ये जॅक पॅरडाइज आणि सहकाऱ्यांचा मोठा अभ्यास आला: २,२५३ बाळं, शहरातल्या रुग्णालयांतली, लहान गावांतली आणि उपनगरांतली. पहिली दोन वर्षं त्यांचे कान रबरी फुग्याच्या ऑटोस्कोपने वारंवार तपासले, जोडीला टिंपॅनोमेट्री, म्हणजे हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते यंत्राने मोजणारी चाचणी. तपासणाऱ्यांची नजर बरोबर आहे ना, यावरही सतत लक्ष ठेवलं.

जे दिसलं ते कोणाही पालकाला चकित करणारं आहे. सहा महिन्यांच्या आत ४८ टक्के बाळांच्या मधल्या कानात एकदा तरी पाणी साठलेलं सापडलं, वर्षाच्या आत ७९ टक्के, दोन वर्षांच्या आत ९१ टक्के. पहिल्या वर्षातला सरासरी पाचवा हिस्सा काळ बाळाच्या कानात पाणी होतं. सगळ्यात जास्त शहरी गरीब वस्तीतल्या बाळांत, सगळ्यात कमी उपनगरांत. कृष्णवर्णीय बाळांचं प्रमाण कमी निघालं नाही. कुटुंबाची आर्थिक स्थिती, बाळ किती मुलांच्या सहवासात आहे, किती काळ अंगावर प्यायलं, घरात विड्या-सिगारेटी ओढणारे किती, हे हिशेबात घेतल्यावर वर्णाचा वेगळा असा वाटा उरला नाही.

हे २०१४ च्या आकड्यांशेजारी ठेवून बघा. प्रत्येक बाळाचा कान ठरवून, नीट पाहिला तेव्हा आजार सारखा. आई-वडील मुलाला घेऊन येतात, डॉक्टर पंधरा मिनिटांत बघतो आणि फॉर्मवर निदान लिहितो, तेव्हा सात आणि दहा. पिट्सबर्गचा अभ्यास आधीचा, एका शहरातला आणि दोन वर्षांखालच्या बाळांचा, शिवाय पाणी साठणं आणि तीव्र संसर्ग या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे मान्य. तरीही फरक कानाच्या पडद्याआड असण्यापेक्षा पडदा आणि कागद यांच्या मध्ये कुठेतरी असावा, असंच मला वाटतं.

पडदा आणि कागद यांच्या मध्ये

आधी डोळ्याबद्दल. २००१ मध्ये पिचिचेरो आणि पूल यांनी ५१४ बालरोगतज्ज्ञ आणि १८८ कान-नाक-घसा तज्ज्ञांना पडद्यांच्या चित्रफिती दाखवून निदान विचारलं. बालरोगतज्ज्ञांची सरासरी ५० टक्के बरोबर आली, कान-नाक-घसा तज्ज्ञांची ७३. रडणारं मूल नाही, मळ नाही, चित्र स्थिर, तरीही निम्मं चुकलं. माझ्याच पेशाबद्दल हे लिहिताना बरं वाटत नाही, पण इथूनच पुढचं सगळं सुरू होतं. जिथे डोळ्याला खात्री नसते, तिथे दुसरं काहीतरी निर्णय घेतं.

ते दुसरं काय असतं, हे १९९९ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन खाजगी बालदवाखान्यांतल्या अभ्यासात दिसलं. रीटा मँजिओनी-स्मिथ आणि सहकाऱ्यांनी पालकांना आधी विचारलं, तुम्हाला अँटिबायोटिक हवं आहे का. भेटीनंतर डॉक्टरांना विचारलं, पालकांना अँटिबायोटिक हवं होतं असं तुम्हाला वाटलं का. पालकांच्या खऱ्या अपेक्षेवरून औषधाचा अंदाज बांधता आला नाही. डॉक्टरला जे वाटलं, त्यावरून आला. विषाणूचा आजार असावा अशा मुलांतही पालकांना हवं आहे असं डॉक्टरला वाटलं तेव्हा ६२ टक्के वेळा अँटिबायोटिक लिहिलं गेलं. तसं वाटलं नाही तेव्हा ७ टक्के. आणि आपल्या प्रकरणाला नेमका लागू पडणारा भाग पुढे आहे. पालकांना हवं आहे असं वाटलं की डॉक्टर निदानही जंतुसंसर्गाचं जास्त वेळा लिहीत होते, ७० टक्के विरुद्ध ३१.

म्हणजे निदानावरून औषध, हा क्रम अनेकदा उलटा चालतो. औषध मनात आधी ठरतं आणि निदान त्याला साजेसं होतं.

हे मी स्वतः केलं आहे. प्रशिक्षणाच्या काळात एका हिवाळी दुपारी तीन वर्षांचा एक गोरा मुलगा आला होता. दोन दिवसांचा ताप, नाक वाहणारं. आई बोलायला नेमकी. मागच्या वेळी अमॉक्सिसिलिनने उतार पडला नाही, दुसऱ्या औषधाने पडला, उद्या विमानाने जायचं आहे, असं सगळं तिने क्रमाने सांगितलं. आवाजात अरेरावी नव्हती. दवाखान्यात काय बोललं की काय मिळतं, एवढं तिला माहीत होतं. मुलगा खूप रडला. पडदा लाल दिसला. मी फुगा दाबला नाही. कागदावर तीव्र संसर्ग लिहिलं आणि सेफडिनिर दिलं. संध्याकाळी नोंदी तपासताना माझ्या वरिष्ठ डॉक्टरांनी एवढंच विचारलं, ‘पडदा फुगलेला होता का?’ माझ्या टिपणात तो शब्दच नव्हता. ‘हलत होता का?’ तेही नव्हतं.

त्याच महिन्यांत माझ्याकडे कितीतरी कृष्णवर्णीय मुलं आली असणार, आज्यांबरोबर, मावश्यांबरोबर, नोकरीवरून धावत आलेल्या आयांबरोबर. त्यांच्यातल्या कुणाच्या कानात मळ होता म्हणून मी ‘विषाणूची सर्दी’ लिहून पुढे गेले का? मला आठवत नाही. जो कान मी नीट पाहिलाच नाही, त्याची आठवण माझ्यापाशी राहणार तरी कशी! माझी जास्तीची चूक कागदावर सापडली. कमी केल्याची चूक झाली असेल, तर ती कागदावर आलीच नाही.

एकच डॉक्टर, दोन मुलं

यावर एक रास्त शंका घेता येते. कृष्णवर्णीय मुलं वेगळ्या दवाखान्यांत जात असतील, तिथले डॉक्टर वेगळे असतील, विमा वेगळा असेल, त्यामुळे फरक दिसत असेल. अमेरिकेत वस्त्या इतक्या विभागलेल्या आहेत की ही शंका सहज खरी ठरली असती.

गर्बर यांनीच २०१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयाशी जोडलेल्या २५ दवाखान्यांतून याचं उत्तर दिलं होतं. २००९ या एका वर्षातली २,०८,०१५ मुलं, जवळपास १३ लाख भेटी, २२२ डॉक्टर आणि डॉक्टरांच्या जोडीने तपासणारे परिचारक. त्यांनी तुलना केली ती त्याच डॉक्टरकडे आलेल्या कृष्णवर्णीय आणि इतर मुलांची. वय, इतर आजार आणि विमा लक्षात घेऊनही कृष्णवर्णीय मुलांना अँटिबायोटिक कमी लिहिलं गेलं, तीव्र आजाराच्या भेटींत २३.५ टक्के विरुद्ध २९. कानाच्या संसर्गाचं निदानही कमी, ८.७ विरुद्ध १०.७. सायनसचं कमी, जंतूंनी होणाऱ्या घशाच्या संसर्गाचंही कमी.

तोच डॉक्टर, तेच टेबल, तोच ऑटोस्कोप. तरी फरक राहतो, तेव्हा तो दवाखान्याच्या पत्त्याने समजावता येत नाही.

२०१४ च्या लेखकांनी दोन शक्यता मांडल्या: डॉक्टरांच्या वागण्यात वर्णानुसार फरक असावा, आणि पालकांच्या पसंतीतही असावा. मला या दोन गोष्टी सुट्या वाटत नाहीत. आईला काय हवं आहे हे डॉक्टर तिच्याकडे बघून, तिचं बोलणं ऐकून ठरवतो. कुणाचं ‘मागच्या वेळी याने फरक पडला नाही’ हे वैद्यकीय इतिहास म्हणून ऐकलं जातं आणि कुणाचं नुसती कुरकूर म्हणून. दवाखान्याने पिढ्यान्‌पिढ्या दुर्लक्ष केलेल्या समाजातल्या आईने मागणंच सोडून दिलं असेल, तर त्याला ‘पसंती’ म्हणणं मला पटत नाही.

कमी मिळालं, की जास्त दिलं गेलं

आता मघाच्या प्रश्नाकडे येते. अन्याय कुणावर?

या अभ्यासांवर जी चर्चा झाली, तिचा एक सूर असा होता की कदाचित कृष्णवर्णीय मुलांना योग्य तेवढंच मिळतं आहे आणि इतरांना, मुख्यतः गोऱ्यांना, गरजेपेक्षा जास्त. याला आधार आहे. मोनिका गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सात तातडीच्या विभागांतल्या, विषाणूजन्य श्वसनाच्या आजाराने आलेल्या मुलांच्या ३९,४४५ भेटी पाहिल्या. या आजारांत अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नसतो. तिथेही गोऱ्या मुलांपैकी ४.३ टक्क्यांना ते मिळालं, लॅटिनो मुलांपैकी २.६ टक्क्यांना आणि कृष्णवर्णीय मुलांपैकी १.९ टक्क्यांना. इथे जास्तीचं औषध म्हणजे नुसती जुलाब, पुरळ आणि औषधाला न जुमानणारे जंतू पोसण्याची भर.

तरी ‘कृष्णवर्णीय मुलांचं बरंच झालं’ हा निष्कर्ष मी मान्य करत नाही. त्या मुलांना अमॉक्सिसिलिन मिळालं ते कुणी नियमावली उघडून बघितली म्हणून, की त्यांच्या आयांसाठी ‘आणखी काही करायला हवं’ असं डॉक्टरला वाटलंच नाही म्हणून? कान नीट बघून ‘औषध नको, दोन-तीन दिवस थांबू, दुखण्यावर पॅरासिटामॉल द्या, उतार नसेल तर परत या’ असं सांगणं हा उपचार आहे, आणि २०१३ च्या तत्त्वांत सहा महिन्यांवरच्या निवडक मुलांसाठी तो स्पष्ट दिलेला आहे. कान न बघता ‘सर्दी आहे’ सांगणं हा उपचार नाही. दोन्हींत घरी औषधाची बाटली जात नाही आणि फॉर्मवर दोन्ही सारखेच दिसतात. ज्या मुलाचा पडदा खरंच फुगला आहे, दोन्ही कानांत आहे, वय दोन वर्षांच्या आत आहे, त्याच्यासाठी हा फरक रात्रभरच्या ठणक्याचा असतो.

हीच तफावत पुढे कानातल्या नळ्यांपर्यंत जाते. महिनोन्‌महिने पाणी हटत नाही आणि ऐकू कमी येतं, अशा मुलांच्या पडद्यात बारीक नळी बसवतात, आपल्याकडे ग्रोमेट म्हणतात ती. २०१४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार गोऱ्या मुलांपैकी १२ टक्क्यांहून जास्त मुलांना कधी ना कधी अशी नळी बसवलेली होती. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांत हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत होतं. इथेही लगेच ‘वंचित’ म्हणायचा मोह होतो. पण पॅरडाइज यांच्याच पिट्सबर्गच्या गटातून ४२९ मुलं निवडून, काहींना लगेच आणि काहींना उशिरा, गरज उरली तरच नळी बसवण्याचा प्रयोग झाला होता. भाषा, बोलणं, शिकणं यांत लगेच नळी बसवण्याचा फायदा तीन वर्षांच्या वयात दिसला नाही आणि शाळेच्या वयातही नाही. तेव्हा त्या बारा टक्क्यांतल्या पुष्कळ नळ्या अनावश्यक असू शकतात. आणि त्याच वेळी त्या पाच टक्क्यांबाहेर असं एखादं मूल असू शकतं, जे दोन्ही कानांनी कमी ऐकतं, वर्गात मागे बसतं आणि ज्याला सगळे ‘लक्ष नसतं याचं’ म्हणतात. निदानाच्या पायरीवरच जो गळला, तो नळीपर्यंत पोचत नाही, कारण ‘वारंवार संसर्ग’ असं ठरायला आधीचे संसर्ग कागदावर असावे लागतात.

इलाज म्हणून पुढे आलेल्या गोष्टींपैकी २०१३ ची निदानाची कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पडदा मध्यम किंवा जास्त फुगलेला हवा, किंवा कानातून नव्याने पू यायला हवा. किंचितच फुगलेला असेल तर सोबत ४८ तासांच्या आतला नवा ठणका किंवा अतिशय लाली हवी. मागे पाणी नसेल तर तीव्र संसर्ग म्हणायचंच नाही. या कसोटीत वर्णाचा उल्लेख कुठेच नाही, पण ती प्रामाणिकपणे पाळली तर आईच्या बोलण्याच्या ढंगाला निदानात शिरायला जागा कमी उरते. कसोटी छापल्याने ती पाळली जातेच असं मात्र नाही.

माझ्या केसपेपरवर

अमेरिकेतला वर्ण आणि आपल्याकडची जात, गरिबी, भाषा यांची सरळ तुलना मी करणार नाही. आपल्याकडे प्रश्नाचं रूपच वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या अहवालात वाहत्या कानाचं प्रमाण सर्वाधिक असलेल्या समाजांत ऑस्ट्रेलियातले आदिवासी आणि ग्रीनलँडचे लोक यांच्या सोबत भारताचं नाव आहे. इतक्या लांब-लांबच्या लोकांत समान काय, तर दाटीचं घर आणि उशिरा मिळणारा दवाखाना. पण एक गोष्ट मी तिथून इथे घेऊन आले. माझ्या केसपेपरवर निदानाच्या आधी दोन ओळी छापलेल्या आहेत: पडदा सपाट, फुगलेला की आत ओढलेला, आणि हलतो की नाही. त्या भरल्याशिवाय मी खाली निदान लिहीत नाही.

मागच्या हंगामात एका ऊसतोड कुटुंबातली बाई मुलाला घेऊन आली होती, चार वर्षांचा, खोकल्यासाठी. कानाबद्दल एक शब्द नाही. उजव्या कानात कापसाचा बोळा होता, तेलाने काळपट झालेला. तो काढला, कान कोरडा केला, पडद्याला भोक दिसलं. कधीपासून वाहतोय, विचारलं. ‘मागच्या साली तोडीला आलो तेव्हापासून,’ ती म्हणाली. ‘वाहतोच त्याचा कान.’ मी विचारलं, हाक मारली तर वळतो का. ती बराच वेळ मुलाकडे बघत राहिली.

‘समोर असला की ऐकतो, मॅडम. पाठमोरा असला की नाही.’